पिरिन्सचे दहा दिवस

इंजेक्शन मीच भरलं होतं, हे आधी सांगून टाकतो. पुढं लोकांनी या हकिकतीत मला बराच भला माणूस करून टाकलं, म्हणून.

शहाऐंशी सालचा उन्हाळा. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं होत आली होती. रेणापूरच्या आमच्या जनावरांच्या दवाखान्याच्या पाटीवर 'उस्मानाबाद' खोडून 'लातूर' लिहिलं होतं, पण उन्हानं वरचा रंग उडाला की खालचं उस्मानाबाद पुन्हा वर यायचं. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवलेली. डॉक्टरसाहेबांना चारा छावण्यांवर नेमलं होतं, त्यामुळं दवाखाना माझ्यावर पडला. मी मन्मथ, पशुधन पर्यवेक्षक, मूळचा उदगीरचा. लोक मला अप्पा म्हणत.

दवाखान्यात आम्ही दोघंच. दुसरी सिंधुबाई, परिचर. तिचा नवरा देविदास याच दवाखान्यात होता. तो काविळीनं गेला आणि त्याच्या जागेवर तिला घेतलं. मेंढरं राखणाऱ्या हटकरांच्या घरची लेक. जनावर धरायला, जखम धुवायला तिचा हात देविदासपेक्षा सरस आहे, हे मला पहिल्याच महिन्यात दिसलं होतं. तरी दोन वर्षं मी तिला झाडू आणि बादलीच्या पुढं येऊ दिलं नाही. बाईमाणसानं बैलाला हात लावलेला शेतकऱ्यांना चालायचा नाही, असं मी म्हणायचो. शेतकऱ्यांना मी कधी विचारलं नव्हतं.

त्या बुधवारी दुपारी लातूरहून एक सरकारी जीप आली. नव्या जिल्हा कचेरीतल्या एका मोठ्या साहेबांचा कारभार पाहणारे नाझर पुढं बसलेले, मागं पोत्यात गुंडाळून दोरखंडानं बांधलेलं काहीतरी. दोघा गड्यांनी ते खाली ओढलं तेव्हा कळलं की कुत्रं आहे.

"साहेबांचा कुत्रा," नाझर म्हणाले. "प्रिन्स. आज सकाळी आमच्या शिपायाला फाडलाय. पिसाळलाय. संध्याकाळपर्यंत उरका आणि तशी चिठ्ठी द्या."

"लातुरात मोठा दवाखाना आहे की साहेब," मी म्हणालो.

"तिथं बोभाटा होतो. साहेब दौऱ्यावर आहेत. त्यांनी फोनवर सांगितलंय. परवा येतो मी चिठ्ठीला."

जीप निघून गेली. जनावरांच्या खोड्याला बांधलेला तो कुत्रा मी लांबून पाहिला. मोठा, लांब केसांचा, मुंबईकडं असतात तसला. कधीकाळी पांढरा-तांबूस असावा. आता अंगावर केस नव्हतेच, मळकट गठ्ठे होते. गोखरू, कुसळं, चिखल, सगळं एकात एक बसून त्याची जाड ढाल झाली होती. कानामागं नारळाएवढा गुंता लोंबत होता. पुढचा पाय टाकला की काखेतली कातडी ताणली जायची आणि तो मध्येच थांबायचा. साहेबांचं कुटुंब मुंबईला, साहेब फिरतीवर, कुत्रा शिपायांच्या ताब्यात. वर्षभर कुणी फणी लावली नव्हती.

मी आत गेलो आणि मारायचं औषध सिरिंजमध्ये भरलं. वरिष्ठांचा हुकूम होता, मला घरी जायचं होतं.

बाहेर आलो तर सिंधुबाईनं कुत्र्यापुढं पाण्याची लोखंडी पाटी काठीनं सरकवून ठेवली होती आणि तो लपालपा पीत होता.

"बाजूला व्हा, सिंधुबाई."

"अप्पा, ह्यो पानी पिऊन राहिलाय."

"पिसाळलेलंही कधीकधी पितं. तेवढ्यावरून कळत नसतं."

"मग कशावरून कळतं?"

तिनं पदर खोचला आणि दाराआतल्या भिंतीकडं बोट केलं. तिथं खात्यानं पाठवलेला एक कागद चिकटवलेला होता. माझ्या डोळ्यांसमोर तो तीन वर्षं होता आणि मी एकदाही नीट वाचला नव्हता. ती सातवी शिकलेली, रोज त्याच्याखाली झाडायची.

"चावलेलं कुत्रं दहा दिस बांधून नजरंखाली ठेवावं. जगलं तर पिसाळलेलं नव्हतं. हे सरकारनंच लिव्हलंय ना?"

"साहेबांचा हुकूम आहे."

"साहेब काय सरकाराहून मोठा हाय?"

"सिंधुबाई, नोकरी जाईल. तुमची आणि माझीबी."

ती पुढं आली. माझ्या हातातला ट्रे तिनं असा घेतला, जसा रोज उकळायला घेऊन जायची. मला वाटलं, घाबरली. आवारातल्या लिंबाच्या बुडाशी जाऊन तिनं सिरिंजचा दट्ट्या दाबला आणि सगळं औषध मातीत सोडलं. मग सिरिंज पुन्हा ट्रेमध्ये ठेवून ट्रे माझ्या हातात दिला.

"आता नोटीस द्या मला," ती म्हणाली. "पर दहा दिस ह्याला कुनी हात लावायचा न्हाई."

मी ओरडलो. काय काय बोललो ते आज सांगायची लाज वाटते. ती ऐकून घेत उभी राहिली, आणि मी दमल्यावर कोठीची खोली झाडायला गेली, कुत्र्याला ठेवायला.

त्या औषधाची दुसरी कुपी कपाटात होती. मी ती काढली नाही. धाडस म्हणून नाही. कागदावर ते लिहिलेलं मी आता वाचलं होतं आणि उद्या काही वाकडं झालं तर सगळं माझ्याच मानेवर येणार, हा हिशेब. चिठ्ठीवर मी लिहिलं, 'कुत्रा निरीक्षणाखाली ठेवला आहे,' आणि दुसऱ्या दिवशी टपालानं कचेरीकडं पाठवून दिली.

पहिले तीन दिवस तिनं त्याला शिवलं नाही. भाकरी आंबिलात कुस्करून पाटी काठीनं आत सरकवायची, दारात बसायचं, काहीबाही बोलत राहायचं. "पिरिन्स, खा रे बाबा." तो गुरगुरायचा, ती बसून राहायची. चौथ्या दिवशी, रविवारी सकाळी, तो स्वतः उठून दाराशी आला. लाळ नाही, तोल गेलेला नाही, आवाज बसलेला नाही. पण अंगाला वास सुटला होता आणि गुंत्यांवर माशा घोंगावत होत्या.

"आत जखम हाय," ती म्हणाली. "दहा दिस थांबलं तर किडे पडतील."

टँकरचं पाणी आदल्या दिवशीच आलं होतं. मला वाटलं, आता ऐकतेच आहे तर चांगली सूचना करावी. "अर्धा पिंप घ्या आणि आधी आंघोळ घाला. मऊ पडेल."

ती हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर हसली.

"अप्पा, लोकर भिजवून चोळली की काय होतं? घोंगडं होतं. घट्ट बसतं. ह्याला आता पानी लावलं तर सारं आवळून कातड्याला चिकटंल. आधी गुंता, मग पानी."

बापाची मेंढरं कातरायची कातर घरात होती, पण ती तिनं आणली नाही. टोकदार आहे म्हणाली. दवाखान्यातली बोथट टोकाची कात्री उकळून घेतली, घरची रुंद दातांची लाकडी फणी आणि वाटीभर करडईचं तेल आणलं. हाताला गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळल्या. मलमपट्टीच्या कापडाचा फास करून कुत्र्याच्या तोंडाला बांधला, कानामागं गाठ.

"तुम्ही घड्याळ बगा. पाच मिन्टं झाली की सांगा. कुत्र्याला घाम येत न्हाई, तोंडानंच हाफावं लागतं. लई येळ बांधलं तर ह्या उन्हात गुदमरंल."

अशी मी तिच्या हाताखाली नोकरी सुरू केली. पाच मिनिटं झाली की "झाली" म्हणायचं. ती गाठ सोडायची, पाणी द्यायची, तो धापा टाकायचा, शांत झाला की पुन्हा.

गुंत्याला तिनं सरळ कात्री लावलीच नाही. आधी तेलाची बोटं टोकाकडून आत घालून गुंता सैल केला. दुसऱ्या हाताच्या चिमटीत केसांचं बूड धरून ठेवलं, म्हणजे ओढ कातड्याला न लागता चिमटीला लागते. सुटण्यासारखं होतं ते टोकाकडून बुडाकडं, थोडं थोडं फणीनं सोडवलं. जे दगड झालं होतं, त्याच्या खाली कातड्याला लागून फणी सरकवली आणि फणीच्या वरच्या बाजूनं कात्री चालवली.

"फणी कामून?" मी विचारलं. तोवर मी तिला तिच्याच बोलीत विचारायला लागलो होतो.

"हितं हात लावा."

मी लावला. गुंता वर उचलला की आतलं पातळ कातडं राहुटीसारखं वर यायचं. बाहेरून केस वाटावेत, पण आत चामडी.

"डोळ्याला दिसत न्हाई. कात्री लावली की चामडं तुटतं. फणी मधी असली की कात्री तिच्याखाली जात न्हाई."

त्या सकाळी एक कान आणि मान, एवढंच झालं. ऊन चढलं की तिनं बंद केलं. सोमवारी पहाटे काखेचा गुंता घेतला, आणि तो निघाल्यावर आम्ही दोघंही खाली वाकलो. खाली जखम होती, चार बोटं लांब, सरळ. ओरबाडल्याची नव्हे, कुजल्याची नव्हे. तारेनंही असली होत नाही. कडा कापलेल्या होत्या.

"ही कात्रीची हाय," ती म्हणाली.

मी मान हलवली. जखम ताजी होती, चावल्याच्या दिवसाचीच असावी.

त्याच दिवशी दुपारी बसनं एक माणूस आला. हडकुळा, पंचविशीतला, डाव्या हाताला पट्टी, चालताना पोट धरून. सिद्धेश्वर, कचेरीचा शिपाई. कुत्रा चावला तो हाच. लातूरच्या दवाखान्यात त्याला बेंबीभोवती रोज एक सुई चालू होती. चौदा घ्यायच्या.

"तितल्या डॉक्टरनं इचारलं, कुत्रं जित्तं हाय का," तो म्हणाला. "दहा दिस जगलं तर पुढच्या सुया बंद म्हणाले. नाझरसाहेब म्हणून राहिले की मारून टाकलं. म्हणून बगायला आलो."

सिंधुबाईनं त्याला कोठीच्या दाराशी नेलं. कुत्रा त्याला पाहताच कोपऱ्यात सरकला. तिनं ते पाहिलं.

"भाऊ, ह्याच्या काखंत कात्री कुनी मारली?"

तो तिथंच दाराशी बसला.

"साहेबांकडं पाव्हणे यायचे होते. नाझर म्हणले, ह्याचा अवतार बघवत न्हाई, कापून टाक. मी कागद कापायची मोठी कात्री घेतली. गठ्ठा धरला, ओढला आन् कापला. गठ्ठा तसाच ऱ्हायला, तुटलं ते खालचं कातडं. त्यो केकाटला आन् चावला. मी काय सांगनार होतो? म्हनलं, उगंच चावला."

"उगंच?" तिचा आवाज चढला. "तुझं चामडं कुनी कापलं असतं तर तू काय केलं असतंस? तू खोटं बोललास, त्यांनी पिसाळला म्हनून टाकलं, आन् ह्या अप्पानं सुई भरली. तिघांनी मिळून एक मुकं जनावर मारलं असतं, आन् तुला चौदाच्या चौदा सुया बसल्या असत्या!"

माझं नाव तिनं वगळलं नाही. वगळावं असं मलाही वाटलं नाही.

सिद्धेश्वर रडायला लागला. तिनं त्याला रडू दिलं, पाणी दिलं, आणि म्हणाली, "उद्या लवकर ये. कसं करायचं असतं ते बगून तरी जा."

तो मंगळवारी आला नाही. बुधवारी पहिल्या बसनं आला, आणि त्याच बुधवारी दहाच्या सुमारास जीपही आली.

नाझर ठरल्याप्रमाणं शुक्रवारी आले नव्हते, साहेबांचा दौरा लांबला म्हणून. माझी चिठ्ठी मात्र मिळाली होती. ती हातात नाचवतच उतरले. आवारात छावणीकडं निघालेले दहा-पंधरा शेतकरी बैलं घेऊन लस टोचायला थांबले होते. कुत्रा खोड्याजवळ बांधलेला, अर्धा भादरलेला, अर्धा गुंत्यात, पाठीवर गुलाबी कातडं उघडं. दिसायला तो अगदी वाईट दिसत होता.

"हे काय मांडलंय?" नाझर म्हणाले. "सांगितलं काय होतं? उद्या साहेब येतायत. द्या इकडं, आम्हीच करतो वाटेत. घाला रे गाडीत."

गडी दोर घेऊन पुढं झाले. सिंधुबाई उठली नाही. कुत्र्याच्या तोंडाची पट्टी तिनं सोडली, त्याला धाप टाकू दिली, कात्री ट्रेमध्ये ठेवली आणि मग उठून त्याच्यापुढं उभी राहिली.

"न्हाई मिळनार."

"तू कोण गं?"

"परिचर. अन् 'तू' म्हनू नका."

शेतकऱ्यांतलं कुणीतरी खाकरलं. नाझरांचा चेहरा लाल झाला.

"बाई, बाजूला व्हा."

"होते. आधी लिहून द्या. मानूस चावल्यावर दहा दिस व्हायच्या आत कुत्रं मारायला न्हेलं, असं लिव्हा, खाली सही करा. ह्यो तुमचाच शिपाई," तिनं सिद्धेश्वरकडं हात केला, "रोज पोटात सुई घेऊन राहिलाय. हे कुत्रं जगलं तर ह्याच्या सुया थांबत्यात. तुम्ही ह्याला आज मारलं तर कळनारच न्हाई पिसाळलेलं होतं का न्हाई. उद्या ह्या मानसाला काय झालं तर कोन जबाबदार? तेबी लिव्हा!"

ती आता नाझरांशी बोलत नव्हती. सगळ्या आवाराला ऐकू जाईल असं बोलत होती. बैलांचे कासरे धरलेले शेतकरी जवळ आले. एक म्हातारा म्हणाला, "बाई बरोबर बोलून राहिली की."

नाझर माझ्याकडं वळले. "अप्पा, तुमच्या माणसाला आवरा. नाहीतर दोघांनाही कर्नाटकाच्या शिवेवर फेकीन."

इथं मी काहीतरी मोठं बोललो असं लोक सांगतात. मी मोठं काही बोललो नाही. एवढंच म्हणालो, "साहेब, दहावा दिवस शनिवारी आहे. तोवर कुत्रं या दवाखान्याच्या ताब्यात आहे. मिळणार नाही."

"तुम्हीपण?"

"मीपण."

सिद्धेश्वर पुढं आला नाही. पण गड्यांनी नाझरांकडं पाहिलं तेव्हा तो मागून ओरडला, "साहेब, कात्री मी मारली होती त्याला! तुम्हीच कापायला सांगितलं हुतं!" ओरडला आणि स्वतःच दचकला. शेतकरी हसले. नाझरांनी चिठ्ठी चोळामोळा करून टाकली आणि जीपमध्ये बसले.

त्या दुपारी बैलांना लस टोचताना मी सिंधुबाईच्या हातात सिरिंज दिली. एकाही शेतकऱ्यानं बैल मागं ओढला नाही.

शनिवारी प्रिन्स सकाळी भाकरी खाऊन लिंबाखाली झोपला होता. शेवटचा गुंता, शेपटीच्या बुडाचा, त्याच दिवशी निघाला. तेव्हा कुठं तिनं त्याला पाणी लावलं, तेही बादलीभरच, आणि घुसळून नव्हे, हळू ओतून. काखेची जखम भरत आली होती. मी प्रमाणपत्र लिहिलं, सिद्धेश्वर ते घेऊन लातूरला पळतच गेला. उरलेल्या सुया त्याला बसल्या नाहीत.

साहेबांनी कुत्रा परत नेला नाही. 'सदर प्राणी शोभनीय राहिलेला नाही,' असं कळवलं. पाठोपाठ आम्हा दोघांना आमच्या वरच्या कचेरीतून नोटीस आली, वरिष्ठांच्या आदेशाची अवज्ञा का केली याचा सात दिवसांत खुलासा करा म्हणून. मी म्हणालो, तुमचंही उत्तर मीच लिहितो, त्याची एक रीत असते. तिनं नको म्हटलं. टेबलाशी माझ्या खुर्चीवर बसून, शाईचं पेन मागून घेऊन तिनं स्वतः लिहिलं. त्याची नक्कल मी अजून जपून ठेवली आहे.

'आपली नोटीस मिळाली. मी हुकूम मोडला हे खरे आहे. औषध मी ओतून दिले हेही खरे आहे. त्याचा मला पस्तावा नाही. कुत्रा पिसाळलेला नव्हता, त्याला कात्रीने कापले होते. पुन्हा असा हुकूम आला तर पुन्हा ओतून देईन. भिंतीवरचा कागद सरकारने लावला आहे. तो चुकीचा असेल तर काढून न्यावा.'

"खाली 'क्षमा असावी' तरी लिहा," मी म्हणालो.

"कशाबद्दल?" तिनं विचारलं, आणि सही केली.

मी माझ्या खुलाशात लिहून ठेवलं होतं की परिचरनं माझ्या गैरहजेरीत परस्पर केलं. तो कागद मी तिच्यासमोर फाडला नाही, ती घरी गेल्यावर फाडला. दुसरा लिहिला, चार ओळींचा, आणि त्याच्यावर सही करायला मला संध्याकाळ लागली.

महिनाभरानं तिची बदली निघाली, औरादच्याही पुढं, शिवेवरच्या दवाखान्यात. मला काही झालं नाही. माझ्यासारख्यांना होत नाही. मी म्हणालो, अर्ज करू, मी लातूरला जाऊन बोलतो.

"कामून? तिकडं काय जनावरं न्हाईत?"

कुत्र्याला बसमध्ये घेईनात, तर तिनं छावणीचा चारा पोचवून निलंग्याकडं निघालेला ट्रक ठरवला. ड्रायव्हर म्हणाला, बाई पुढं बसा, कुत्रं मागं बांधतो. ती म्हणाली, "मग मीबी मागं." ट्रंक वर चढवली, प्रिन्सला सिद्धेश्वरनं वर दिलं. हो, तोच, आता कुत्रा त्याच्या हातून भाकरी खायचा. प्रिन्सच्या पाठीवर नवीन केस बोटभर आले होते, मऊ, पांढरे.

ट्रक सुटायच्या आधी तिनं वरून मला हाक मारली.

"अप्पा, कपाटातली ती दुसरी कुपी!"

"काय तिचं?"

"मी काल ओतून दिली. रजिस्टरला लिव्हून घ्या. माझंच नाव लिव्हा."

ट्रक निघाला. ती मागच्या फळीला टेकून उभी होती, पदर वाऱ्यावर, एक हात कुत्र्याच्या मानेवर. मी आत गेलो, रजिस्टर उघडलं आणि तिचं नाव पूर्ण लिहिलं, हुद्द्यासकट.